ट्रंकेत सापडलेला डी.एफ.सी. कसा ओळखावा व जपावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उघडली की क्वचित एखादे काळवंडलेले पदक हाती लागते, आणि घरातले कोणीतरी ते पूजेच्या भांड्यांबरोबर रांगोळीने घासायला निघते. त्याआधी ते डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे शत्रूशी हवेत लढताना दाखवलेल्या शौर्याबद्दल मिळणारे ब्रिटिश पदक डी.एफ.सी., तर नाही ना, हे पाहून घ्यावे.

हा सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीचा चांदीचा क्रूस असून त्याच्या आडव्या व खालच्या टोकांना बॉम्ब, वरच्या टोकाला गुलाब आणि मध्यभागी ‘आर.ए.एफ.’ (रॉयल एअर फोर्स, म्हणजे ब्रिटिश हवाई दल) ही इंग्रजी अक्षरे असतात. फितीवर जांभळे-पांढरे तिरपे पट्टे असावेत. मात्र १९१९ पर्यंत ते आडवे होते, तेव्हा तेवढ्यावरून पदक खोटे ठरवू नये. पट्टे तांबडे-पांढरे असतील, तर तो शत्रूशी लढताना नव्हे, तर इतर उड्डाणांतल्या कामगिरीसाठी दिला जाणारा एअर फोर्स क्रॉस असू शकतो.

पदकाच्या मागे १९१८ हा आकडा असतो आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ते पदक सुरू झाल्याचे वर्ष आहे, मिळाल्याचे नव्हे; या एका आकड्यापायी दुसऱ्या महायुद्धातले आजोबा पहिल्या महायुद्धात जाऊन पोहोचतात. १९३९ पासून दिलेल्या पदकांवर मिळाल्याचे वर्ष मागच्या बाजूस, खालच्या भुजेवर बारीक कोरलेले असते. ते तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावे.

डी.एफ.सी.वर मानकऱ्याचे नाव कोरून दिले जात नसे. १९९३ पर्यंत अधिकारी नसलेल्या हवाई सैनिकांना मिळणाऱ्या लंबगोल डी.एफ.एम.च्या (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडलच्या) कडेवर ते असते. म्हणून क्रूसापेक्षा ट्रंकेतली कागदपत्रे मोलाची: उड्डाणांची नोंदवही, पत्रे, गणवेशातले छायाचित्र. त्यांतले नाव व हुद्दा घेऊन ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक शोधावेत. पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांना १९१८ साली मरणोत्तर, तर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झालेले अर्जन सिंग यांना १९४४ साली इंफाळच्या लढाईतील कामगिरीबद्दल हे पदक मिळाले. अशा सन्मानांची घोषणा या राजपत्रातच होत असे.

सराफ्यात नेऊन चकाकी आणण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक घासणीत चांदीचा थर आणि कोरलेले बारीक आकडे झिजतात. फीत धुऊ नये. जांभळा रंग पांढऱ्यात उतरण्याचा धोका असतो. पदक आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवावे, पीव्हीसीच्या पाकिटात मुळीच नको, आणि कागदपत्रांसह सर्व वस्तूंचे एकत्र छायाचित्र आधीच काढून ठेवावे.