क्षारपड जमीन आणि खारे पाणी : या चुका टाळा

जमिनीवर पांढरा थर दिसला की बहुतेकांना आधी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट, जमीन सुधारायची पांढरी भुकटी) आठवते. पोती येतात, जिप्सम विस्कटले जाते, वरून पाणी दिले जाते. पुढच्या हंगामात पुन्हा तोच थर, तेच खुरटलेले पीक, आणि मग ‘जिप्समने काही होत नाही’ असे ठरते. खरे तर बऱ्याचदा ते ज्या जमिनीत पडले, तिला त्याची गरजच नसते.

खारवट आणि चोपण एकच समजणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. तिची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असते आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) सहसा ८.५ च्या आत. चोपण जमिनीचा त्रास वेगळा. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेले असते. कणांना धरून असलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंमध्ये या सोडियमचा (विनिमयक्षम सोडियमचा) वाटा १५ टक्क्यांच्या पुढे गेला की ती चोपण, आणि सामू बहुधा ८.५ पेक्षा जास्त. दोन्ही दोष एकाच जमिनीत असू शकतात, ती खारवट-चोपण.

खारवट माती वरून पांढरी दिसली तरी आत बऱ्यापैकी भुसभुशीत असते, पाणी मुरते. चोपण माती ओली असताना बुळबुळीत, वाळली की टणक. पाणी दिवसचे दिवस वर गढूळ साचून राहते आणि कधी कधी काळपट पापुद्रा धरतो. घरच्या घरी पाहायचे असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचे पाणी घ्या आणि वाळलेले छोटे ढेकूळ न हलवता त्यात सोडा. काही तासांत ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरले तर सोडियमचा संशय धरावा. ढेकूळ नुसते फुटले आणि पाणी नितळ राहिले तर सोडियमची शक्यता कमी, पण खारवट-चोपण मातीही अशीच वागू शकते. ही परीक्षा विहिरीच्या खाऱ्या पाण्याने करू नका. पाण्यातले क्षारच मातीचे कण धरून ठेवतात आणि चोपण मातीही चांगली भासते. खात्री करायची तर मृद परीक्षणच हवे.

जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जाते. जायला वाट नसेल तर ते तिथेच राहते. निव्वळ खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे आणखी एक क्षार घालणे. तिला हवे असते चांगले पाणी आणि निचरा. खारवट-चोपण जमिनीत तर क्रमच चुकतो. आधी गोड्या पाण्याने धुतली की विरघळणारे क्षार निघून जातात, सोडियम मागे राहते, माती विस्कटते, छिद्रे बुजतात आणि त्यानंतर पाणी आत शिरतच नाही. अशा जमिनीत आधी जिप्सम मिसळावे, मग धुवावे.

अहवालातला आकडा तसाच वाचणे

ईसीची ४ ची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी, म्हणजे पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यासाठी आहे. अनेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि दोन किंवा पाच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात. तो आकडा बराच कमी येतो. कोणत्या पद्धतीने मोजले ते विचारल्याशिवाय ‘आपली जमीन ठीक आहे’ म्हणू नका.

चवीवरून पाणी पास करणे

१ डेसीसायमन ईसीचे पाणी जिभेला फारसे खारट लागत नाही. त्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एका हेक्टरला १०० मिलिमीटर पाणी दिले तर १० लाख लिटर होते, म्हणजे सुमारे ६४० किलो क्षार. अशा पाच पाळ्यांत तीन टनांवर क्षार शेतात येऊन पडतात. मुळे पाणी घेतात, बहुतेक क्षार मागे सोडतात. उन्हाने पाणी उडते, क्षार उडत नाहीत.

ओल्या जमिनीत पीक सुकले की थोडे थोडे पाणी देत राहणे

मातीच्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. जमीन ओली असूनही झाड तहानलेले राहते. जुन्या पानांची टोके आणि कडा करपल्या असतील तर सोडियम किंवा क्लोराइड पानात साठत आहे असे समजावे. अशा वेळी वरवर दिलेले पाणी क्षारांना मुळांच्या थरातच फिरवत ठेवते. त्यांना खाली लोटायला पिकाच्या गरजेपेक्षा काही जास्त पाणी लागते. पाण्याची ईसी २ आणि पीक जमिनीत ४ पर्यंत सोसणारे असेल, तर खाली निघून जाण्यासाठी सुमारे ११ टक्के पाणी धरावे लागते.

पण भूजल दीड-दोन मीटरच्या आत आले असेल तर हा उपाय उलटतो. आधी चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा. अशी जमीन पडीक ठेवून ती आपोआप सुधारेल ही आशाही खोटी आहे. केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, पाणी वर चढत राहते आणि क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. निदान आच्छादन तरी ठेवावे.

ठिबकवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: क्षार ओल्या भागाच्या कडेला गोळा होतात. हलकी सर आली की ते विरघळून मुळांकडे येतात. म्हणून रिमझिम सुरू झाली की ठिबक बंद करण्याची घाई नको, उलट चालूच ठेवावे. सरी-वरंब्यावर क्षार माथ्यावर साठतात, तेव्हा बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेत टोकावे.

‘सोसणारे पीक’ उगवतानाही सोसेल असे धरणे

घेवड्याचे उत्पादन जमिनीची ईसी १ च्या पुढे गेली की घटू लागते, कांद्याचे १.२ च्या, मक्याचे १.७ च्या, गहू ६ पर्यंत तग धरतो, कापूस ७.७ पर्यंत, सातू (जव) ८ पर्यंत. हे आकडे रुजलेल्या पिकाचे आहेत. शुगर बीट ७ पर्यंत सोसते, पण उगवताना ३ च्या वर त्रास होतो. पेरणीआधी वरचा थर धुऊन घेणे म्हणूनच मोलाचे.

माशांच्या तळ्यात नि टाकीत नुसती पाण्याची भर घालणे

गोड्या पाण्यातल्या माशाचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा खारे असते. पाणी कल्ल्यांतून आत शिरत राहते आणि तो पातळ मूत्रावाटे ते बाहेर टाकतो. समुद्री माशाचे उलट. तो पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकतो. ही यंत्रणा हळूहळू जुळवून घेते, एकाएकी नाही. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्यात पुन्हा क्षारयुक्त पाणीच भरत गेलात तर खारेपणा चढत जातो. काही पाणी काढून टाकून बदलावे. खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. उकाड्यात हा फरक जीवघेणा ठरतो.

मध्य आशियातल्या अरल समुद्रात, म्हणजे एका मोठ्या खाऱ्या सरोवरात, हेच प्रचंड प्रमाणावर घडले. नद्यांचे पाणी सिंचनाकडे वळवल्यावर, १९६० च्या सुमारास लिटरमागे १० ग्रॅम असलेला खारेपणा कित्येक पटींनी वाढला आणि मासेमारी बुडाली. २००५ मध्ये कोकअरल बांध पूर्ण झाल्यावर उत्तरेकडच्या भागात खारेपणा उतरला, मासे परतले.

क्षार घालवायचे म्हणून पाणी उकळणे किंवा मऊ करणे

उकळल्याने खारेपणा जात नाही, उलट वाढतो. पाणी मऊ करायचे, सोडियमवर चालणारे यंत्र कॅल्शियम काढून सोडियम देते. साबणाला फेस येतो, पण तेच पाणी कुंड्यांना घातले की चोपणपणा आपण स्वतः तयार करतो. कुंड्यांसाठी त्या यंत्राच्या आधीचा नळ वापरा, आणि अधूनमधून तळाच्या छिद्रातून भरपूर वाहून जाईल इतके पाणी घाला. बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर माती ते परत शोषून घेते.