अंजिरावरचा तांबेरा: पान उलटून पाहिलंत का?

अंजिराचं पान पिवळं पडायला लागलं की आपला हात आधी खताकडे जातो. मीही एकदा तेच केलं. अन्नद्रव्यांची कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली, आणि काही दिवसांतच झाडाखाली पानांचा सडा पडला. फांद्या उघड्या, फळं लहान आणि कच्चीच राहिली. तेव्हा पान उलटून पाहिलं असतं तर झाड वाचलं असतं.

तो तांबेरा होता, म्हणजे बुरशीमुळे होणारा रोग. त्याची खरी खूण पानाच्या खालच्या बाजूला असते. वरून फक्त बारीक, कोनदार, पिवळसर-तपकिरी ठिपके दिसतात. खाली मात्र उंचवटा आलेल्या बारीक पुटकुळ्या असतात. पांढरं फडकं घेऊन त्यावरून हळूच फिरवा. गंजासारखी पूड लागली तर तो तांबेरा. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याने उडतात आणि पान काही तास ओलं राहिलं की त्यावर रुजतात. कमतरतेमुळे पिवळ्या पडलेल्या पानाची अशी पूड निघत नाही.

पेरू-आंब्याच्या पानांवर मखमली, नारिंगी ठिपके दिसतात, त्यांनाही लोक तांबेराच म्हणतात. ते मुळात शेवाळ आहे, बुरशी नव्हे.

दुसरी चूक फवारणीच्या वेळेची. मॅन्कोझेबसारखं औषध पानावर कवच धरतं, आत शिरलेली बुरशी मारत नाही. त्यामुळे दमट हवेत पहिले ठिपके दिसताच, किंवा मागच्या हंगामात रोग आला असेल तर त्याही आधी फवारा. नोझल खालून वर धरा. नुसती वरची बाजू ओली केली तर निम्म्याहून जास्त मेहनत फुकट जाते, कारण बुरशी खाली बसलेली असते. फळं तोडणीला आली असतील तर फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचा लेबलवरचा काळ पाळाच.

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, घरी करताना तर हमखास गडबड होते. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा. चुना गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ढवळत ओता, उलटं नाही. मग स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. नाहीतर कोवळी पानं करपतात. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरलं तर ते पानाला नीट चिकटत नाही.

गळलेली पानं मात्र आपण सगळेच विसरतो. झाडाखाली ती तशीच राहिली की बीजाणू तिथेच टिकतात आणि नवी पालवी फुटताच वर येतात. मी आता ती गोळा करून बागेबाहेर खोल पुरते, आच्छादनात मुळीच मिसळत नाही. सोबत आतल्या दाटीच्या फांद्या विरळ करते, म्हणजे दवाने भिजलेली पानं सकाळीच सुकतात. पाणी बुंध्याशीच द्या, पानांवरून नको.