दूध उकळलं म्हणजे निर्धोक झालं? गोठ्यातल्या या चुका टाळा

दूध संकलन केंद्रावर दूध फुटलं की संशय आधी खुराकावर येतो. खरं कारण बहुतेक वेळा सडावर, बादलीत नाहीतर कॅनच्या झाकणात सापडतं.

सगळ्यात महागात पडते ती ओल्या कासेची धार. कासेवर भरपूर पाणी मारून ती तशीच ओली ठेवली, तर शेणकट पाणी ओघळून थेट बादलीत उतरतं. फक्त सड धुवा, ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा, ३० सेकंद थांबा आणि प्रत्येक जनावराला वेगळं कोरडं फडकं वापरून पुसा. एकच फडकं गोठाभर फिरवलं की दगडीचे (कास सुजण्याच्या रोगाचे) जंतू एका गाईकडून दुसरीकडे जातात. पहिल्या ३-४ धारा काळ्या तळाच्या वाटीत काढा. गुठळ्या दिसल्या तर त्या गाईचं दूध वेगळं काढा, ते कॅनमध्ये नको. दुधात बोटं बुडवून सड ओले करायची सवय आजच मोडा. धार संपली की सड पुन्हा आयोडीनमध्ये बुडवा आणि लगेच वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर गाय बसता कामा नये.

कॅन आधी कोमट पाण्याने खंगाळा. थेट उकळतं पाणी ओतलं तर प्रथिनं धातूला धरून बसतात आणि त्या थराखाली जंतू तग धरतात. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, कॅन पालथा घालून वाळवा. झाकणाचं रबर काढून घासायचं विसरू नका, आंबूस वास बहुतेकदा तिथलाच असतो.

ताजं दूध ३७-३८ अंशांचं असतं. या उबेत जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. दोन तासांत ४ अंशांपर्यंत आणा. कूलर नसेल तर कॅन बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. रात्रीच्या गार दुधात सकाळचं कोमट दूध ओतू नका.

उकळल्याने ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू मरतात, म्हणून कच्चं दूध कुणालाच देऊ नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर मुळीच नाही. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस या दगडीच्या एका जंतूने दुधात सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही. दगडीच्या गाईचं, तासन्‌तास उबेला राहिलेलं दूध तापवून प्यायलं तरी उलट्या होऊ शकतात. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणूही (कवचातली सुप्त रूपं) उकळीतून वाचतात आणि उबेत पुन्हा वाढू लागतात, तेव्हा तापवलेलं दूध दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.