दिव्यांग मुलांच्या खेळात मदतीला जाताना

पहिली तयारी घरबसल्या करायची आहे. आपल्या हाताशी खरोखर किती वेळ आहे, हे कागदावर मांडून बघा. उत्साहाच्या भरात 'दर आठवड्याला येईन' म्हणायचं आणि महिन्याभरात दिसेनासं व्हायचं, अशी माणसं कुठल्याच क्रीडा उपक्रमाला परवडत नाहीत. स्वमग्न मुलाला नव्या माणसाची सवय व्हायला वेळ लागतो. ती होते न होते तोच माणूस बदलला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षाकाठी एखाद-दुसराच दिवस मोकळा असेल तर तसं स्पष्ट सांगून स्पर्धेच्या दिवसाचं काम मागून घ्या: नोंदी लिहिणं, लेन सांभाळणं, खेळाडूंना वेळेवर स्टार्टपाशी पोचवणं. ही कामं दुय्यम नाहीत. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या १९६८ मध्ये सुरू झालेल्या चळवळीत, वय आणि आधीच्या कामगिरीनुसार गट पाडतात आणि एका गटातल्या खेळाडूंच्या कामगिरीत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा असं बघतात. प्राथमिक फेरीत तुम्ही टाइमर नीट दाबला नाहीत, तर ते मूल भलत्याच गटात जाऊन पडतं.

तयारीत काय हवं आणि काय नको हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते. तासाभराच्या सरावात मूल प्रत्यक्षात किती मिनिटं खेळलं? व्हीलचेअरचे पट्टे शोधण्यात, चाकात हवा भरण्यात, 'आता काय करायचं' हे विचारण्यात आणि मोठ्यांच्या गप्पांत अर्धा तास सहज उडतो. न मागता केलेली मदतही त्याच खात्यात जमा होते.

मग येते कागदपत्रांची पाळी. ओळखपत्र, पोलीस पडताळणी, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं हे सगळं मागितलं तर नाक मुरडू नका. उलट काहीच न विचारता 'या, लागा कामाला' म्हणणाऱ्या ठिकाणी जाण्याआधी दोनदा विचार करा. अपंगत्व असलेल्या मुलांना शोषणाचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. काहींना बोलून सांगता येत नाही, काहींना अंगाला परक्या माणसाचा हात लागण्याची इतकी सवय झालेली असते की चुकीचा स्पर्श वेगळा ओळखू येत नाही. म्हणून काही नियम आधीच पाठ करून जा. बंद खोलीत मुलासोबत एकटं राहायचं नाही. कपडे बदलणं आणि स्वच्छतागृह हे पालकांचं किंवा ठरवून दिलेल्या माणसाचं काम, तुमचं नाही. मुलाशी फोनवर खाजगी गप्पा नाहीत. फोटो काढायचा तर पालकांची लेखी परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. मैदानात फोन पिशवीतच ठेवलेला बरा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

यानंतर प्रशिक्षकांकडून तुमच्याकडे सोपवलेल्या मुलाची माहिती मागून घ्या. निदानाचं नाव कळून फारसा उपयोग होत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेलं एक मूल पळतं आणि दुसऱ्याला मान सावरायला आधार लागतो. तुम्हाला हवी असते ती कामाची माहिती: पाणी कसं पितो, थकला की कसं कळतं, कशाची भीती वाटते, 'हो' आणि 'नाही' कसं सांगतो, औषध कोणतं आणि ते कोणाजवळ असतं. हेच प्रश्न नंतर मुलालाही विचारा. आईने सांगितलेलं आणि मुलाने सांगितलेलं पुष्कळदा जुळत नाही, आणि मैदानावर मुलाचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं.

तब्येतीच्या काही गोष्टी मात्र नावानिशी ठाऊक हव्यात, कारण तिथे अंदाजाने चालत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा असेल तर इजेच्या खालच्या अंगाला घाम येत नाही किंवा फार कमी येतो. बाकीची मुलं नुसती घामाघूम झालेली असताना या मुलाचं अंग तापत जातं. सावली, पाण्याचा स्प्रे आणि ओला टॉवेल हाताशी ठेवा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर आणखी एक धोका असतो: भरलेलं मूत्राशय, पीळ पडलेला कॅथेटर (लघवीची नळी) किंवा नुसता घट्ट आवळलेला पट्टाही रक्तदाब एकदम चढवू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो. अशा वेळी मुलाला आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पट्टे आणि कपडे सैल करायचे, कॅथेटरची नळी दुमडली आहे का ते पालकांना किंवा जाणकाराला बघायला सांगायचं आणि वैद्यकीय मदत बोलवायची.

स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेला असणं) असलेल्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते. म्हणजे सजावटीचे फुगे, रबरी हातमोजे आणि ताणायचे रबरी पट्टे त्यांच्यासाठी धोक्याचे. बक्षीस समारंभाला हौसेने फुगे लावणाऱ्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. यांतल्या काहींच्या डोक्यात साठणारं पाणी बाहेर वाहून नेणारी शंटची नळी बसवलेली असते. अशा मुलाचं डोकं दुखू लागलं, त्याला उलटी झाली किंवा ते विनाकारण पेंगू लागलं तर 'उन्हामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. डाऊन सिंड्रोममध्ये मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात. त्यामुळे कोलांटी किंवा पाण्यात सूर मारणं हे डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय करवून घेऊ नका, मूल कितीही हट्ट करो. फीट आली तर आधी घड्याळ बघा, आजूबाजूचं सामान दूर करा, झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही आणि पाणीही नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. पाण्यात फीट आली तर आधी तोंड पाण्याबाहेर, मग बाकी सगळं. मैदानावर रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येते, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

आता खेळ. ज्या खेळाला जाणार त्याचे नियम वाचून जा, आणि 'आपल्या नेहमीच्या खेळासारखाच, थोडा सोपा' असं गृहीत धरू नका. व्हीलचेअर बास्केटबॉलची रिंग त्याच उंचीवर असते, ३.०५ मीटर. चेंडू मांडीवर ठेवून दोनपेक्षा जास्त वेळा चाकं ढकलली तर नियमभंग. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी हरकत नसते. दृष्टिहीनांच्या गोलबॉलमध्ये १.२५ किलोचा, आत घुंगरू असलेला चेंडू कानाने शोधून अंगाने अडवायचा असतो. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी लावतात, ज्यांना थोडं दिसतं तेसुद्धा. तिथे कडेला उभं राहून 'डावीकडे, डावीकडे!' ओरडणारा स्वयंसेवक म्हणजे खेळाचा सत्यानाश. गोल होईपर्यंत टाळीसुद्धा नाही. कर्णबधिर मुलांच्या शर्यतीत शिट्टीचा किंवा पिस्तुलाच्या आवाजाचा उपयोग नाही, तिथे दिवा किंवा झेंडा लागतो. त्यांच्या जागतिक स्पर्धा, म्हणजे डेफलिम्पिक्स, १९२४ पासून भरताहेत, आणि तिथे खेळताना श्रवणयंत्र लावायला मनाई आहे. त्यामुळे सरावात यंत्र काढलं की ते कुठल्या डबीत ठेवायचं, हे ठरवून घ्या. घामाने किंवा पाण्याने बिघडणारी ती महागडी वस्तू असते.

बोचियाचा एक प्रकार मुद्दाम बघून घ्या, कारण स्वयंसेवकाने काय करायचं हे त्यातून जितकं कळतं तितकं भाषणातून कळत नाही. हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिक्समध्ये आहे. पांढरा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले लाल किंवा निळे सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही ते खेळाडू उतरता रॅम्प वापरतात, आणि रॅम्प हलवायला सहायक असतो. हा सहायक कोर्टाकडे पाठ करून बसतो. वळून बघायला मनाई, सुचवायला मनाई. मुलगी नजरेने किंवा मानेने खूण करते, 'थोडा डावीकडे.' तो रॅम्प बोटभर सरकवतो. ती पुन्हा बघते, मान हलवते, 'नाही, जास्त झालं.' तो परत आणतो. मग ती उंची सांगते, तो चेंडू तिथे धरतो, आणि डोक्याला बांधलेल्या काठीने ती स्वतः चेंडू सोडते. चेंडू कुठे थांबला, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. घरी एकदा हा प्रयोग करून बघा: भिंतीकडे तोंड करून बसा आणि मागे खेळणाऱ्याच्या सांगण्यावरून पुठ्ठ्याची नळी हलवा. वळून बघायची किती घाई होते ते कळेल.

दृष्टिहीन धावपटूसोबत धावायचं असेल तर तुमचा दम त्याच्यापेक्षा चांगला हवा, कारण तुम्हाला पळता पळता बोलायचंही असतं. हातातली दोरी न ताणणारी हवी. आधी चालत, मग हळू पळत पावलं जुळवा. तुमचा हात त्याच्या हाताच्या लयीत हलला पाहिजे. वळण यायच्या आधी सांगा, आल्यावर नाही. शेवटची रेषा त्याने तुमच्या आधी ओलांडायची असते, तुम्ही ओढत नेलंत तर बाद.

स्वतःच्या अंगावरच्या वस्तूंकडे लक्ष द्या. बंद बूट, छोटी नखं, बांधलेले केस. अंगठ्या, घड्याळ, लोंबणारी ओळखपत्राची दोरी हे सगळं काढून ठेवा. चाकाच्या आऱ्यात अडकतं किंवा मुलाच्या कातडीला ओरखडा काढतं, आणि ज्याला पायात संवेदना नाही त्याला तो ओरखडा कळतही नाही. उग्र अत्तर नको, काही मुलांना वास सहन होत नाही.

सामानाची पिशवी प्रशिक्षकांची असते, तरी तिच्यात काय आहे ते तुम्हाला माहीत हवं: हवेचा पंप, ॲलन की, जादा ट्यूब, चिकटपट्टी, जादा पट्टे, स्ट्रॉ, कोरडे टॉवेल. कृत्रिम पाय लावणाऱ्या मुलाला घाम पुसायला मधेच पाय काढावा लागतो, तेव्हा बसायला कोरडी जागा लागते. खेळाच्या व्हीलचेअरची चाकं खाली फाकलेली असतात, म्हणून ती कित्येक दारांतून जात नाही. दाराची रुंदी आदल्या दिवशी मोजा, म्हणजे सगळी टीम दाराशी खोळंबत नाही. मूल खेळाच्या खुर्चीत बसलं की त्याची रोजची खुर्ची नजरेआड ठेवू नका, आणि तिच्यावर पिशव्या तर मुळीच लटकवू नका. ती त्याची आहे. विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, ढकलायची तर नाहीच. उचलून बसवायची वेळ आली तर शिकवल्याशिवाय उचलू नका, पाठ तुमची आणि खांदा त्याचा जायबंदी होतो. बराच वेळ बसून असलेल्या मुलाला अधूनमधून अंग उचलून भार हलवायची आठवण करा, नाहीतर जखमा होतात.

बोलण्याची तयारी आरशासमोर करायची गरज नाही, पण काही सवयी मोडाव्या लागतात. प्रश्न मुलालाच विचारा, शेजारी उभ्या बाबांना नाही. विचारलं की थांबा. चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून किंवा टॅबवर टाइप करून उत्तर देणाऱ्याला वेळ लागतो, आणि आपण त्या वेळात दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो. दृष्टिहीन मुलाला 'तिकडे' म्हणजे काहीच नाही. 'तुझ्या उजव्या हाताला तीन पावलांवर' असं सांगा, आणि आधी 'मी अमुक ताई' किंवा 'अमुक दादा' म्हणून नाव सांगा. निघून जातानाही सांगा, नाहीतर बिचारं हवेशी बोलत राहतं. सूचना एका वेळी एकच, आणि शक्यतो करून दाखवून. कौतुक जपून करा. चेंडू कोर्टाच्या बाहेर गेला तरी 'वा, किती छान!' म्हटलं की दहा-बारा वर्षांच्या पोराला ती दया आहे हे बरोबर कळतं. 'मनगट आधी वळलं, परत टाक' हे त्याला जास्त आवडतं. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी तिरंदाजी केली, तेव्हाही ती स्पर्धाच होती. तुमच्यासमोरचं मूलही जिंकायला आलेलं असू शकतं. हरलं तर त्याला रडू द्या, लगेच चॉकलेट पुढे करू नका.

पालकांशी काय बोलायचं हेही ठरवून जा. तंत्राचे आणि उपचाराचे प्रश्न प्रशिक्षकांकडे पाठवा. काही आया कुंपणाशी उभ्या राहून प्रत्येक चेंडूला सूचना देतात, त्यांना गप्प करणं तुमचं काम नाही, पण पाण्याच्या बाटल्या भरायचं काम सोपवता येतं.

सराव संपल्यावर पंधरा मिनिटं हातात ठेवूनच या. पट्टे मोजून पिशवीत, डोळ्यांच्या पट्ट्या धुवून वाळत, चेंडू पुसून जागेवर. ज्या मुलांना पायाची जाणीव नाही त्यांच्या पालकांना घरी गेल्यावर पावलं आणि टाचा बघायला सांगा. मग पुढच्या स्वयंसेवकासाठी वहीत दोन ओळी लिहा: 'उजव्या कानाने ऐकतो, त्या बाजूने बोला. ढोल वाजला की दचकतो. डावा ब्रेक सैल आहे.' पुढच्या वेळी तुम्ही येणार नसाल तर प्रशिक्षकांना कळवा आणि निघण्याआधी त्या मुलालाही स्वतः सांगा, कोण येणार आहे त्याच्या नावासकट.