पोटात ठोके लागतात: बेंबी सरकली की आणखी काही?

पोटावर हात ठेवला, टकटक लागली, की खान्देशात घरातलं कुणीतरी म्हणणारच, "बेंबी सरकली." मग तेल लावून पोट चोळणं, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालणं सुरू. खरं तर ते ठोके महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे. ही नळी कण्याला टेकून खाली येते आणि साधारण बेंबीपाशी तिच्या दोन शाखा होतात. अंगकाठी बारीक असेल तर ठोके हाताला लागणारच. भरीत-पुरी खाऊन आडवं झाल्यावर जरा जास्तच.

तपासायचं तर लघवी करून, रिकाम्या पोटी उताणे झोपा. गुडघे मुडपा, म्हणजे पोट सैल पडतं. बेंबीच्या वर, मधोमध किंवा किंचित डावीकडे ठोका शोधा. मग दोन्ही हातांची बोटं त्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि श्वास सोडताना हलकेच दाबा. बोटं नुसती वर उचलली जात असतील तर बहुधा काळजी नाही. प्रत्येक ठोक्याला ती एकमेकांपासून बाजूला ढकलली जात असतील, तर धमनी फुगलेली असू शकते. असं वाटलं की पुन्हा दाबून पाहू नका, चोळणं तर नाहीच. पोट सुटलेलं असेल तर फुगाही हाताला लागत नाही, म्हणून 'काही लागलं नाही' यावर विसंबू नये.

खात्री सोनोग्राफीनेच होते. महाधमनीची रुंदी रिपोर्टात लिहून मागा. साधारण 2 सेंमी असते; 3 किंवा जास्त म्हणजे फुगवटा. तो लहान असेल तर ठरावीक काळाने मोजत राहतात. पुरुषात 5.5, बाईत 5 सेंमीच्या आसपास ऑपरेशनचा विचार होतो. पासष्टी ओलांडलेल्या, कधीकाळी बिडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषाने ठोके लागोत न लागोत, एकदा ही तपासणी करावी. बाप-भावाला हा आजार असेल तर डॉक्टरांना सांगा, तपासणी आधीही करावी लागते.

एक घोटाळा नेहमीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात मूतखडा घरोघरी, त्यामुळे कंबरेत कळ आली की तोच समजतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ अचानक आली, पोट-पाठ दुखून घाम फुटला, चक्कर आली, तर ओवा-सोडा देत बसू नका. धमनी फुटलेली असू शकते. 108 ला फोन करा, आणि "पोटातली धमनी पाहा" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.