स्पॉटिफायची प्लेलिस्ट गडबडली? अ‍ॅप काढून टाकण्याआधी हे तपासा

प्लेलिस्ट दिसेनाशी झाली, गाणी करडी पडली किंवा डाउनलोड केलेलं वाजेना, की बहुतेक जण आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. हा उपाय शेवटचा आहे. अ‍ॅप काढलं की फोनमधली सगळी डाउनलोड जातात. दुखणं अकाउंटचं किंवा गाण्याच्या हक्कांचं असेल तर ते मात्र होतं तिथेच राहतं.

तेव्हा आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. प्लेलिस्ट तुमच्या फोनमध्ये नसते. ती स्पॉटिफायच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटच्या नावावर असते आणि अ‍ॅप ती फक्त दाखवतं. म्हणून कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ओपन डॉट स्पॉटिफाय डॉट कॉम उघडा, लॉगिन करा आणि तीच यादी बघा. तिथे सगळं ठीक असेल तर बिघाड फोनमधल्या अ‍ॅपचा आहे. तिथेही यादी नसेल तर अकाउंट तपासायचं. यादी आहे पण काही गाणी तिथेही करडी आहेत, तर तो परवान्याचा प्रश्न आहे आणि फोनशी कितीही झटापट केलीत तरी सुटणार नाही. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि पुढची निम्मी खटपट वाचते.

(पुढे मेन्यूंची नावं इंग्रजीत ठेवलेल्या अ‍ॅपप्रमाणे दिली आहेत. आवृत्तीनुसार एखादं नाव इकडेतिकडे होतं.)

यादीच गायब झाली

याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे चुकीचं अकाउंट. स्पॉटिफायमध्ये ईमेलने, मोबाइल नंबरने, गूगलने, फेसबुकने आणि अ‍ॅपलच्या आयडीनेही शिरता येतं. नवा फोन घेतला, पहिलं अकाउंट ईमेलवर होतं आणि या वेळी घाईत मोबाइल नंबर टाकला, की नवंकोरं रिकामं अकाउंट तयार होतं. ओळखायची खूण सोपी आहे: अ‍ॅप तुम्हाला आवडते कलाकार निवडायला सांगतं, लायब्ररी रिकामी दिसते आणि प्रीमियमचे पैसे भरलेले असूनही जाहिराती वाजतात. अशा वेळी ‘आपलं प्रीमियम संपलं’ असं समजून पुन्हा पैसे भरू नका. ते रिकाम्या अकाउंटवर भरले जातील.

जुनं अकाउंट शोधायला आपल्या सगळ्या मेलबॉक्समध्ये ‘स्पॉटिफाय’ हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा. पावत्या आणि स्वागताचा मेल ज्या पत्त्यावर आलेत, तेच जुनं अकाउंट. अ‍ॅपमधून बाहेर पडा आणि त्या पत्त्याने आत या. पासवर्ड आठवत नसेल तर त्याच पत्त्यावर नवा मागवता येतो. दोन अकाउंट एकत्र करण्याची सोय स्पॉटिफायमध्ये नाही. नवंच वापरायचं असेल तर जुन्यातून प्लेलिस्टची लिंक पाठवा, ती नव्यात उघडा, तीन टिंबांच्या मेन्यूतून सगळी गाणी स्वतःच्या नव्या प्लेलिस्टमध्ये घ्या. नुसतं सेव्ह करून थांबू नका. जुनं अकाउंट बंद केलंत तर सेव्ह केलेली यादीही जाईल.

अकाउंट बरोबर असेल तर लायब्ररीच्या वरची फिल्टरची गोल बटणं बघा. ‘डाउनलोडेड’ किंवा ‘आर्टिस्ट्स’ दाबलेलं राहिलं की बाकीचं दिसत नाही. यादी एखाद्या फोल्डरमध्येही असू शकते.

चुकून डिलीट झालेली यादी ९० दिवसांपर्यंत परत मिळते. ही सोय वेबसाइटवरच्या अकाउंटच्या पानावर आहे:

१. ब्राउझरमध्ये स्पॉटिफायच्या साइटवर लॉगिन करून अकाउंटचं पान उघडा.
२. ‘रिकव्हर प्लेलिस्ट्स’ निवडा.
३. हवी ती यादी शोधून ‘रिस्टोअर’ दाबा.
४. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. यादी लायब्ररीत पार खाली आलेली असते, तेव्हा ती नावाने शोधा.

एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा. इथे परत मिळते ती तुम्ही स्वतः बनवलेली आणि अख्खी डिलीट केलेली यादी. यादीतून काढलेलं एकेक गाणं इथे मिळत नाही. दुसऱ्या कोणाची यादी तुम्ही सेव्ह केली होती आणि त्या माणसाने ती पुसली, तर तीही तुमच्या हातात नाही. ‘डिस्कव्हर वीकली’, म्हणजे स्पॉटिफाय स्वतः तुमच्यासाठी बनवतं ती यादी, तिची तऱ्हा वेगळी: ती दर सोमवारी नव्याने भरते आणि मागच्या आठवड्याची गाणी निघून जातात. आवडलेली गाणी रविवारच्या आत आपल्या यादीत टाकून घ्यायची.

गाणी करडी पडली आहेत

करडं गाणं म्हणजे यादीत नोंद आहे, पण तुमच्या अकाउंटच्या देशात ते वाजवण्याचा परवाना आत्ता स्पॉटिफायकडे नाही. रेकॉर्ड कंपनीशी करार संपला, अल्बम मागे घेतला गेला किंवा तोच अल्बम नव्या नोंदीने पुन्हा चढवला गेला, की हे होतं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक कंपनीशी करार पुढे वाढला नाही, तेव्हा भारतातल्या असंख्य याद्यांमधली हिंदी गाणी अशी रातोरात बंद पडली. त्यात ऐकणाऱ्याच्या फोनचा काही दोष नव्हता.

करडी गाणी यादीतून काढून टाकू नका. करार पुन्हा झाला की त्यातली पुष्कळ गाणी त्याच जागी आपोआप वाजायला लागतात. काढून टाकलीत तर तिथे कुठलं गाणं होतं हेच विसरायला होतं. सेटिंगमध्ये न वाजणारी गाणी लपवण्याची सोय आहे, तीही वापरू नका. यादीत ११२ गाणी दिसतात आणि वर आकडा १२० चा, असं कोडं बहुतेकदा त्या लपवण्यामुळेच पडतं.

तोवर तेच ध्वनिमुद्रण दुसरीकडे आहे का ते शोधा. मराठीत हे फार उपयोगी पडतं. जुनी भावगीतं, नाट्यपदं, अभंग यांचं एकच मुद्रण मूळ तबकडी, निवडक गाण्यांचा संग्रह, गायकाच्या नावाचा संग्रह, संगीतकाराच्या नावाचा संग्रह अशा कितीतरी अल्बममध्ये असतं. एक नोंद बंद पडली तरी दुसरी चालू असू शकते. शोधताना रोमन लिपीतलं स्पेलिंग बदलून बघा. ‘विठ्ठल’ कुठे एका टी-ने, कुठे दोन टी-ने, तर कुठे टीएच-ने लिहिलेलं असतं. ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात कुठे डी-ने होते, कुठे जी-ने. देवनागरीतूनही शोधा. गाण्याच्या नावाने सापडलं नाही तर गायकाच्या पानावर जाऊन अल्बम बघा, कारण गायकाचं नाव बहुतेक वेळा नीट लिहिलेलं असतं. सापडल्यावर लांबी जुळते का ते पाहा. मूळ गाणं ३ मिनिटं १५ सेकंदांचं आणि सापडलेलं साडेचार मिनिटांचं असेल, तर ते दुसऱ्या कोणी गायलेलं किंवा कार्यक्रमातलं मुद्रण असणार.

परदेशी गेलेल्यांना हा त्रास जास्त होतो. अकाउंटचा देश बदलला की परवान्यांची यादीही बदलते. पुण्यात वाजणारं गाणं टोरांटोत करडं आणि तिथे चालणारं इथे बंद, असं होऊ शकतं. फुकटचं अकाउंट दुसऱ्या देशात १४ दिवस चालतं, पुढे अ‍ॅप देश बदलायला सांगतं. प्रीमियमला ही मुदत नाही. कायमचं राहायला गेला असाल आणि देश बदलणार असाल, तर त्याआधी यादीची नोंद काढून ठेवा. ती कशी काढायची ते शेवटी दिलं आहे.

करडेपणाची तीन छोटी कारणंही आहेत. ‘ऑफलाइन मोड’ चालू असला की डाउनलोड नसलेलं सगळं करडं दिसतं. सेटिंगमध्ये ‘एक्सप्लिसिट’, म्हणजे शिवराळ किंवा अश्लील, मजकूर बंद केलेला असेल तर तेवढीच गाणी बंद होतात. आणि एखादं गाणं तुम्हीच ‘हाइड’ केलेलं असतं.

डाउनलोड वाजत नाही, किंवा पुन्हापुन्हा उडतं

डाउनलोड टिकण्याच्या अटी पक्क्या आहेत. ज्या योजनेत डाउनलोडची सोय आहे ती चालू हवी. ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटवर यायला हवा. एका अकाउंटवर ५ उपकरणं आणि प्रत्येकावर १०,००० गाणी ही मर्यादा आहे. सहाव्या उपकरणावर डाउनलोड सुरू केलं, की सगळ्यात कमी अलीकडे वापरलेल्या उपकरणावरची डाउनलोड पुसली जातात. घरातले चारजण एकच अकाउंट वापरत असतील तर आजोबांच्या टॅबवरचे अभंग दर महिन्याला का जातात, त्याचं उत्तर बहुधा हे असतं.

डाउनलोड ‘वेटिंग’वर अडकलं असेल तर आधी बघा की तुम्ही मोबाइल डेटावर आहात का. मोबाइल डेटावर डाउनलोड करण्याची परवानगी मुळात बंद असते. ‘डेटा सेव्हिंग अँड ऑफलाइन’ भागात ती चालू करता येते, नाहीतर वायफायवर या. मग जागा बघा: फोनमध्ये किमान १ जीबी मोकळी हवी. ‘व्हेरी हाय’ दर्जाला, म्हणजे ३२० केबीपीएसला, मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. पाच मिनिटांची १०० गाणी म्हणजे सुमारे १.२ जीबी. ‘नॉर्मल’ला, म्हणजे ९६ केबीपीएसला, तेवढीच गाणी ३६० एमबीत बसतात. फोनच्या स्पीकरवर किंवा साध्या इअरफोनवर ऐकणार असाल तर मधला १६० केबीपीएसचा दर्जा पुरेसा आहे, जागाही ‘व्हेरी हाय’च्या निम्मीच लागते.

शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमी या फोनमध्ये आणखी एक अडथळा असतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच अ‍ॅपला मागून बंद करतो. स्क्रीन बंद केली की डाउनलोड थांबतं, कधी गाणंही मध्येच तुटतं. फोनच्या सेटिंगमध्ये स्पॉटिफायच्या बॅटरीच्या पर्यायात ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि ‘ऑटोस्टार्ट’ दिसत असेल तर चालू करा. मोठी यादी डाउनलोड होईपर्यंत अ‍ॅप उघडं आणि फोन चार्जिंगला ठेवणं उत्तम.

अ‍ॅप अडखळत असेल तर अ‍ॅपच्या ‘स्टोरेज’ भागात ‘क्लिअर कॅश’ करा. त्याने डाउनलोड जात नाहीत. फोनच्या सेटिंगमधलं ‘क्लिअर डेटा’ हे वेगळं बटण आहे, त्याने सगळं जातं. ही दोन बटणं जवळजवळ असतात, तेव्हा नीट वाचून दाबा. मेमरी कार्डावर साठवत असाल आणि डाउनलोड सारखी उडत असतील, तर एकदा फोनच्या आतल्या जागेत साठवून पाहा. स्वस्त कार्ड हे नेहमीचं कारण आहे.

कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून किंवा घाटातून जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि यादीतली सुरुवातीची, मधली आणि शेवटची गाणी वाजवून बघा. डाउनलोड झाल्याचा हिरवा बाण दिसतो म्हणून भरवसा ठेवण्यापेक्षा हे खात्रीचं.

क्रम बिघडला, मध्येच भलतीच गाणी येतात

गाणी ओढून वरखाली होत नसतील तर यादी नावाने किंवा तारखेने लावलेली आहे. क्रमवारीत ‘कस्टम ऑर्डर’ निवडा, मग हलतील. यादी अचानक छोटी झाली असेल तर यादीतल्या शोधाच्या चौकटीत एखादा शब्द राहिलाय का ते बघा.

तुम्ही न टाकलेली गाणी वाजत असतील तर कारणं दोन. शफलच्या बटणावर चमकी दिसली तर ‘स्मार्ट शफल’ चालू आहे आणि ते स्वतःची गाणी मध्ये पेरतं. तेच बटण पुन्हा दाबून साधं शफल घ्या. यादी संपल्यावर दुसरं काही सुरू होत असेल तर ‘प्लेबॅक’मधलं ‘ऑटोप्ले’ बंद करा. कीर्तनाची किंवा बाळाला झोपवायची यादी असेल तर ही दोन्ही बंदच हवीत.

अनेकांनी मिळून केलेली यादी

लग्नाच्या किंवा सहलीच्या यादीला बोलावण्याची लिंक ७ दिवसांनी निकामी होते. ‘लिंक चालत नाही’ म्हणणाऱ्याला नवी पाठवा. यादीत घेतलेला प्रत्येक जण गाणी काढूही शकतो, ते थांबवण्याची सोय नाही. म्हणून यादी पक्की झाली की बाकीच्यांना सहभागातून वगळा किंवा एक प्रत स्वतःकडे काढा. फोनमधली स्वतःची एमपी३, म्हणजे घरचं भजन किंवा आजीची ओवी, अशा यादीत टाकली तर ती तुमच्याकडेच वाजते, बाकीच्यांना करडी दिसते.

तुम्ही कोणाला बोलावलं नाही तरी यादीत अनोळखी गाणी दिसू लागली, तर अकाउंटचा पासवर्ड दुसऱ्याकडे गेलाय असं समजा. पासवर्ड बदला, अकाउंटच्या पानावरून ‘साइन आउट एव्हरीव्हेअर’ करा आणि जोडलेली अनोळखी अ‍ॅप काढून टाका.

यादीची नोंद काढून ठेवणं

कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमध्ये यादी उघडा, एका गाण्यावर क्लिक करा, कंट्रोल-ए आणि कंट्रोल-सी दाबा, मग नोटपॅडमध्ये कंट्रोल-व्ही. प्रत्येक गाण्याची लिंक एकेका ओळीत येते. ही फाइल जपून ठेवा. यादी उडाली तर त्या सगळ्या ओळी कॉपी करून रिकाम्या प्लेलिस्टमध्ये कंट्रोल-व्ही केलं की गाणी त्याच क्रमाने परत बसतात. एका यादीत १०,००० पेक्षा जास्त गाणी मावत नाहीत. लिंकमध्ये गाण्याचं नाव नसतं. म्हणून अकाउंटच्या प्रायव्हसी पानावरून स्वतःचा डेटाही मागवा. तो साधारण ५ दिवसांत तयार होतो आणि त्यात प्लेलिस्ट नाव, कलाकार आणि अल्बमसह येतात. एखादं गाणं करडं पडून पुढे दिसेनासंही झालं, तर नेमकं कुठलं मुद्रण शोधायचं ते या फाइलवरून कळतं.