जुन्या गाडीचा हीटर तापत नाही? कॉइल बदलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे निघणाऱ्या जुन्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. हीटरची कळ पूर्ण लाल बाजूला फिरवली तरी पायाशी जेमतेम कोमट वारा येतो आणि समोरची काच आतून धुरकटत राहते. अशा वेळी संशय लगेच हीटर कॉइलवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव (कूलंट) तापल्यावर ज्यातून फिरून केबिनचा वारा गरम करतो त्या डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरवर, घेतला जातो; परंतु ती काढण्यासाठी बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि एवढी मजुरी मोजूनही दोष अनेकदा भलतीकडेच निघतो. आपल्या भागात वर्षाचा बराच काळ चिंता असते ती इंजिन जास्त तापण्याची, त्यामुळे ते तापू नये म्हणून पूर्वी कोणीतरी केलेल्या उपायांनीच हीटर निकामी झालेला असण्याची शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

यांतला सर्वांत घातक उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘घाटात गाडी तापते, हा वॉल्व्ह काढून टाकू’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवणे आणि कूलंट ठरावीक तापमानाला, अनेक गाड्यांत सुमारे 82 अंश सेल्सिअसला, पोहोचल्यावर ती उघडणे हे थर्मोस्टॅटचे काम असते. तो नसेल किंवा उघडा अडकलेला असेल तर थंडीत कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते, तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो, डिझेल जास्त जळते आणि हीटरला द्यायला उष्णताच उरत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवावा. तो पहिली काही मिनिटे थंड राहून नंतर झपाट्याने तापला तर थर्मोस्टॅट ठीक आहे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर दोष तिथेच शोधावा. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात लटकवून पाणी तापवले की त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. पसरणी घाट गिअरमध्ये उतरताना मात्र इंजिनात डिझेल जवळजवळ जळतच नाही, त्यामुळे तेवढ्या वेळात वारा कोमट झाला तर तो बिघाड समजू नये.

दुसरी चूक आहे कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची. माण-खटावकडच्या जड पाण्याचे क्षार घरच्या हीटरवर जसे साचतात तसेच ते कॉइलच्या बारीक नळ्यांतही साचतात. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्तीही जुनी आहे. गळकी फट जितकी अरुंद तितकीच कॉइलची नळीही अरुंद, हे त्या वेळी लक्षात घेतले जात नाही. कॉइल तुंबली आहे की नाही हे डॅशबोर्ड न उघडता कळते. इंजिन व्यवस्थित तापल्यावर आणि कळ पूर्ण गरम बाजूला ठेवून, इंजिनकडून केबिनच्या पत्र्यात शिरणारे दोन होज पंख्यापासून हात दूर ठेवत जपून चाचपावेत. एक कढत आणि दुसरा थंड असेल तर कॉइल तुंबलेली, आत हवा अडकलेली किंवा हीटरकडे कूलंट सोडणारा वॉल्व्ह बंद असतो. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच पुरेसे तापत नाही किंवा कूलंट कमी आहे. दोन्ही कढत असूनही वारा गार असेल तर दोष हवेच्या बाजूला आहे. हे होज पत्र्यापर्यंत न जाता एकमेकांनाच जोडलेले दिसले, तर जुन्या मालकाने गळती टाळण्यासाठी कॉइल बायपास केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुंबलेली कॉइल उलट्या दिशेने साध्या नळाच्या हलक्या धारेने धुवावी; सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने जुनी कॉइल फुटू शकते.

रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीत कूलंट दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असे मानू नये. रेडिएटरच्या झाकणाचे रबर गेले असेल तर बाटलीतले कूलंट परत ओढलेच जात नाही. ॲक्सिलरेटर दिल्यावर वारा गरम होतो आणि गाडी उभी राहिली की गार पडतो, हे बहुधा कूलंट कमी असल्याचे किंवा हवा अडकल्याचे लक्षण असते. गाडीचे तोंड चढाकडे करून, इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडून, हीटरची कळ गरम बाजूला ठेवावी आणि इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे. तापलेल्या इंजिनचे झाकण कधीही उघडू नये.

हवेच्या बाजूचे दोष किरकोळ असतात. कळीची केबल निसटलेली असते, फिल्टर असल्यास तो भरलेला असतो, किंवा उसाच्या रानाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्लोअरमध्ये उंदरांनी चिंध्या-पाचट भरून ठेवलेले असते.

काचेवर चिकट धुके, केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखालची मॅट ओली, अशी लक्षणे एकत्र दिसली तर मात्र कॉइलच गळत आहे आणि ती बदलावीच लागेल. तसे असेल तर डॅशबोर्ड उतरलेला असतानाच हवेची वाट बदलणारे आतील फ्लॅप, त्यांचे सांधे आणि फोमच्या पट्ट्याही तपासून घ्याव्यात, कारण त्यांतले काही नंतर बिघडले तर डॅशबोर्ड उतरवण्याची तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.